पुढील चार दिवसांचा समुद्र

दापोलीहून आसूदमार्गे खाली उतरू लागले, की नारळी-पोफळींच्या शेंड्यांवरून समुद्राची निळी रेघ दिसू लागते. उत्तरेस हर्णै, दक्षिणेस मुरूड आणि त्यापुढे कर्दे. महर्षी कर्व्यांचे बालपण ज्या मुरुडात गेले, त्या गावी सुटीत मुलाबाळांसह उतरणारी कुटुंबे आता पुष्कळ आढळतात. निघण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी पंचांगात दिवस पाहतात. परंतु ज्या समुद्रासाठी जावयाचे, तो त्या दिवसांत कसा असेल, हा विचार क्वचितच कोणी करतो. वास्तविक तो आगाऊ बऱ्याच अंशी कळू शकतो.

मुंबईच्या वेधशाळेकडून वारा व पाऊस ह्यांचे अंदाज मिळतात, तर हैदराबाद येथील महासागर माहिती केंद्र किनाऱ्याकिनाऱ्याच्या लाटांचे अंदाज प्रसिद्ध करते. त्यांत लाटेची उंची, दिशा आणि आवर्तनकाल, म्हणजे एका लाटेमागून दुसरी येण्यास लागणारे सेकंद, दिलेले असतात. उंचीचा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात धरावी. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर असे लिहिले असेल, तर एखादी लाट जवळजवळ तीन मीटरचीही येऊ शकते.

उंचीहून अधिक बोलका आकडा सेकंदांचा. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा सहा-सात सेकंदांनी येतात. त्या आखूड, गोंधळलेल्या असतात. चौदा-सोळा सेकंदांनी येणारी लाट मात्र दूर दक्षिणेकडील वादळात जन्मलेली असते. अशा लाटांचा समूह दिवसाकाठी हजारएक किलोमीटर चालतो. म्हणजे चार दिवसांनी आपल्या पायाशी फुटावयाची लाट आज वाटेवर निघालेलीच असते! खोल पाण्यात ती उठूनही दिसत नाही. उथळ तळ लागताच तिची गती मंदावते, उंची वाढते, आणि पुळणीवर ती अनपेक्षित दूरवर चढते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही समुद्र अनावर, ह्याचे मर्म हेच. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमक्या शाळांच्या सुटीत, अशा लाटा विशेष येतात.

मे २०२४ च्या आरंभी ह्याच प्रकारच्या लाटांचा इशारा केरळपासून मुंबईपर्यंत देण्यात आला होता. त्या वेळी ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर पाच तरुण वैद्यकीय विद्यार्थी बुडून मरण पावले. अमावास्या दोन दिवसांवर आली होती.

तिथीचा हा संबंध आपल्या घरांस नवा नसावा. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा सोपा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. द्वादशीस बाराची पाऊणपट नऊ. तेव्हा नऊच्या सुमारास भरती पूर्ण, आणि सहा तासांनी ओहोटी. घटका-पळांचा नेम ह्यात नाही, पण दिवसाचा बेत आखण्यास तो पुरतो. त्यास वाऱ्याची जोड द्यावी. पावसाळा सोडून एरवी पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात व पाणी गुळगुळीत दिसते; दुपारनंतर खारे वारे सुटून ते खवळते.

तथापि अंदाज असतो तो मोकळ्या समुद्राचा. प्रत्येक पुळणीचा स्वभाव निराळा. हर्णैस सुवर्णदुर्गाचे बेट आणि काठावरील कनकदुर्गाचे टोक ह्यांमुळे होड्यांस थोडा आडोसा लाभतो. मुरूड-कर्द्याची पुळण लांब, सपाट व उघडी. तेथे लाटा दूरवर फुटून फेसाच्या रांगांनी आत येतात. उत्तरेस अंजर्ल्याजवळ जोग नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर धावत असता लाट समोरून आली, की ती तेथे उभीच राहते. एकच आकडा ह्या तिन्ही ठिकाणी तीन रूपे घेतो.

म्हणूनच शेवटचा प्रश्न तेथल्या कोळ्यास विचारावा. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच शांत, गढूळ पट्टा दिसला, तर नवखा मनुष्य तीच सुरक्षित जागा समजतो. तो सांगेल, की आत आलेले पाणी तेथूनच परत जाते व माणसास ओढून नेते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडू नये; अंग तरते ठेवून, साद घालून, किनाऱ्यास समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, आणि मग लाटेबरोबर आत यावे. बुडणाऱ्यामागे हाती तरंगते साधन नसता दुसऱ्याने उडी घालू नये.

समुद्रावर पोट असणारे हे लोक जून-जुलैत मचवे शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावरही वाऱ्याचा रंग पाहूनच होडी लोटतात. चार दिवसांच्या पाहुण्याने एखादी सकाळ ओल्या वाळूवर शिंपले वेचण्यात घालविली, तर त्यात कमीपणा कसला? मुलांस मात्र हे सर्व घरून निघण्यापूर्वीच समजावून द्यावे. पाणी दिसू लागल्यावर ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.