कोरांटीचा विसावा

पाऊस सरतो, दिवाळी मागे पडते, ओढ्याची धार बारीक होते आणि माळावरचं गवत पिवळं पडू लागतं. नेमकी तेव्हा कोरांटी भरात येते. देशावर बांधाच्या कडेला, पडक्या वाड्याच्या जोत्यावर, मुरमाड उतारावर तिची पिवळी-केशरी फुलं दिसू लागतात. चार पाकळ्या वर, एक खाली आणि मधून पुढे आलेले दोन लांब पुंकेसर. गंध नाही म्हणावा इतका कमी. पण त्या सुकत्या दिवसांत हा रंगच डोळ्यांना पुरतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी आयुर्वेदाने तिला ओळखलं होतं, आणि दात दुखला की आपली माणसं तिचा पाला चावत होती. पानांच्या बेचक्यातल्या काट्यांमुळे मात्र तिची पाठवणी कुंपणावर झाली. मला ती अंगणात हवी वाटते.

ती लावायला फार काही लागत नाही. आषाढात कुंपणावरची एक जून फांदी तोडून मातीत खोचावी. मुरूम चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून तांब्याभर पाणी द्यावं. मुळं खोल गेली की पुढे पावसावर निभतं. बहर ओसरल्यावर छाटलं की नवी फूट जोमाने येते. वाळलेली बोंडं तडकून बिया आपोआप आसपास पसरतात. लेमन पॅन्झी फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खातात, म्हणून कुरतडलेली पानं दिसली तरी औषध मारू नये.

खरी कसोटी वैशाखात लागते. तेव्हा ती मळकट दिसते, पानं विरळ होतात. हात आपसूक पाइपाकडे जातो. तो आवरावा. ती मेलेली नसते, पावसाची वाट पाहत असते. गावात पिण्याचं पाणी टँकरने येत असताना हिरवळ ओली ठेवण्याचा हट्ट मला सोसवत नाही. बाग बारमाही हिरवीच हवी, ही अपेक्षा आपल्या आभाळाशी जुळणारी नाही. इथल्या मातीला उन्हाळा आहे, तसा तो बागेलाही असू द्यावा. कोरांटीवर माया करायची तर तिच्या फुलांइतकंच तिचं हे रुक्षपणही आपलं मानावं लागतं.