हात पसरायचा नाही

कुणापुढं हात पसरायचा नाही, हे आमच्या घरात प्रभूच्या प्रार्थनेइतकंच पाठ होतं. त्याला कारण होतं. आमची मातंग समाजातली जुनी माणसं दोर वळायची, केरसुण्या बांधायची, गावकीची पडेल ती कामं करायची आणि मोबदल्याची भाकरी आणायला दारोदार फिरायची. घामाचंच, पण घ्यायचं भीक घेतल्यासारखं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं ते याच माणसांसाठी. ते स्वतः ब्राह्मण घरातले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. निजामाच्या राज्यात दिवाण सालारजंगांकडून त्यांनी जमीन मिळवली आणि मांगवाड्यातल्या लोकांना तिथं घरं-शेतं करून राहता आलं. माझे पणजोबा तिथले. 'आता मागून खायचं नाही' हे त्यांचं वाक्य चार पिढ्या चालत आलं. त्या अभिमानाला मी आजही पाप म्हणणार नाही. तो कमावलेला होता.

पण तोच अभिमान मंठ्यात माझ्या दाराला कडी लावून बसला.

आमचे हे मंठ्याहून वाटूर फाट्यापर्यंत काळी-पिवळी चालवायचे. मृगाच्या पावसात गाडी उलटली, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. घरी आणलं तेव्हा कूसही बदलता येत नव्हती. माझं शिलाईचं काम, त्यात पेरणीचे दिवस. तेव्हा ब्लाउज कोण शिवायला टाकतं? घरातला डबा तळाला गेला. रात्री मशिनवर डोकं टेकवून मी प्रार्थना करायचे, प्रभू, आता तूच बघ. आणि सकाळी चर्चच्या मंडळीतल्या बाया ज्वारीचं पीठ, तेलाची पिशवी घेऊन आल्या की दारातूनच म्हणायचे, "आहे हो सगळं, कशाला त्रास घेता?" उपासनेला जाणंही सोडलं. पाळकसाहेबांचा फोनही उचलत नव्हते. देवाकडं मागणं मला जड गेलं नाही, कारण ते कुणाला दिसत नव्हतं. पीठ मात्र अख्ख्या गल्लीला दिसलं असतं.

मग मलाच ताप भरला. सांधे असे धरले की उठून बसता येईना. एका बाजेवर हे, खाली सतरंजीवर मी. यांचं लघवीचं भांडं सकाळपासून भरून पडलेलं, खोलीत वास कोंडलेला. पोरानं दार उघडलं आणि मंडळीतली मावशी आत आली. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी, आमच्यात सगळ्यांत गरीब. तिनं लुगड्याचा ओचा खोचला, भांडं उचललं, न्हाणीत नेऊन राख लावून घासलं. मग कोमट पाण्यात फडकं पिळून यांची पाठ पुसायला लागली. मी रडत ओरडले, "मावशी, तुम्ही नका हो करू! मला मेल्यासारखं होतंय."

तिनं हातही थांबवला नाही. म्हणाली, "का गं, देवाला बोलावलं नव्हतंस का तू? मंग कोण यायला पाहिजे होतं?"

योहानाचा तेरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र पाय मागं घेतो. मला वाटायचं, पेत्राचा हा केवढा नम्रपणा! त्या दिवशी सतरंजीवर पडल्या पडल्या कळलं, ती त्याची लाज होती. प्रभूसाठी तलवार उपसायला तो तयार होता. त्याच्या हातून पाय धुवून घ्यायचे म्हटल्यावर मात्र का-कू करत होता. आणि प्रभूनं त्याला सूट दिली नाही. धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही, असंच त्याला सांगितलं.

पणजोबांना भाकरी वाढणारे हात वरून टाकायचे, शिवायचे नाहीत. मावशीचे हात खाली वाकून यांची पाठ पुसत होते. हा फरक मला कुणी तरी आधी सांगायला हवा होता. पण तो पाहिल्याशिवाय पटला नसता.

मंडळीनं पुढं दवाखान्याचं बिलही भागवलं. मी ते उसने म्हणून वहीत मांडायला गेले, तर खजिनदारांनी वही मिटून परत दिली. त्या रात्री मला झोप आली नाही, हे खरं आहे. घेणं अजूनही अंगवळणी पडलेलं नाही. आता हे कुबडीवर चालतात, गाडीवर बसायला अवकाश आहे. मागच्या रविवारी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले आणि पोराच्या फीचं सगळ्यांदेखत सांगितलं.