उलाळ गाडी

गेल्या वर्षीं आम्ही अमेरिकेंत, टेक्सास राज्यांत, चिरंजीवांकडे गेलों होतों. त्यांना डॅलसचें बिऱ्हाड ऑस्टिनला हलवावयाचें होतें. अंतर सुमारें 195 मैल. पिकअप गाडी घरचीच होती. तिच्यामागें जोडण्यास ट्रेलर भाड्यानें आणिला.

चिरंजीवांचा हा पहिलाच प्रसंग. म्हणून त्यांनीं आदल्या दिवशीं एका मोकळ्या पटांगणांत रिकामा ट्रेलर मागें घेण्याचा अभ्यास केला. गाडी मागें घेतांना चक्र डावीकडे फिरविलें, कीं ट्रेलरचें शेपूट उजवीकडे वळतें! यावर युक्ति अशी, कीं हात चक्राच्या तळाशीं धरावा व शेपूट ज्या बाजूस न्यावयाचें, त्याच बाजूस तो सरकवावा. जोडणीच्या वेळीं गोळ्याचें माप दांडीच्या खोबणीशीं ताडून पाहिलें, दिव्यांची तार जोडली, आणि दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या ओलांडून अडकविल्या. दांडी निसटलीच, तर ती या झोळींत पडावी.

सामान भरतांना चिरंजीव म्हणाले, “नाना, जड सामान आंसाच्या पुढें ठेवा. शंभरांतील साठ भाग पुढें, चाळीस मागें. ट्रेलरचा एकूण भार हजार किलो असला, तर दांडीवर शंभर ते दीडशें किलो यावयास हवेत.”

आम्हीं मान डोलाविली. परंतु ते घरास कुलूप लावीत असतां नातवास हाताशीं धरून आम्हीं पुस्तकांच्या सहा पेट्या मागें, दाराशीं आणून ठेविल्या. पोहोंचतांच त्या आधीं निघाव्या, एवढाच आमचा हेतु!

राजमार्गावर वेग ताशीं साठ मैलांवर गेला, आणि ट्रेलर शेपटी झाडूं लागला. पिकअपहि हेलकावूं लागली. मागें सूनबाई व नातू बसलेले. आम्ही ओरडलों, “ब्रेक दाब! अरे, ब्रेक दाब!” पस्तीस वर्षें वर्गांत आज्ञा देण्याची संवय ती! चिरंजीवांनीं ऐकिलें नाहीं. चक्र सरळ धरून त्यांनीं वेगाच्या पट्टीवरील पाय तेवढा उचलला. वेग उतरला, हेलकावे शमले.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्यांनीं सांगितलें, कीं ब्रेक जोरानें दाबला असता, तर मागच्या भारानें रेटून गाडी आडवी केली असती. मग त्यांनीं ट्रेलरचें दार उघडलें. पेट्या पाहिल्या. बोलले कांहींच नाहींत.

“त्या आम्हीं हलविल्या,” आम्ही म्हणालों.

मागें भार अधिक झाला, कीं गाडी उलाळ होते, हें आपल्याकडे गाडीवानाचें पोरहि जाणतें. आम्हीं तर तरफेचे नियम फळ्यावर कितीदां शिकविले! मोठेपणानें सल्ला देण्याचा अधिकार येतो खरा. पण चक्र ज्याच्या हातीं, त्याचें न ऐकतां परस्पर भार हलविण्याचा नव्हे.

पेट्या पुढें गेल्या. ऑस्टिनला चिरंजीव ट्रेलर अंगणांत मागें घेऊं लागले, तेव्हां आरशांत दिसावें म्हणून कोठें उभें राहूं, हें आम्हीं आधीं त्यांसच विचारलें.