आमच्या संगणकाला ताप आला

"बाबा, नळदुर्ग परत अडखळायला लागला!"

मे महिन्यातली दुपार. धाराशिवचं उन्हाळ्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात ही हाक आली. आता दगडी किल्ला अडखळतो कसा, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

आमची कन्या नववीत आहे. तिला माइनक्राफ्ट या खेळाचं वेड. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाहेर आला. त्यात ठोकळ्यावर ठोकळा रचून वाटेल ते बांधता येतं. आमच्या बाईसाहेबांनी बांधायला घेतला तो नळदुर्गचा किल्ला! तुळजापूर तालुक्यातला हा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिला असेल. बोरी नदीवरचा तो बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटातला पाणी महाल. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तो बांधला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळतं आणि आत उभा असलेला माणूस मात्र कोरडा! हा सगळा देखावा ती सहा महिने संगणकात रचत होती. अभ्यास सांभाळून, हे मला मान्य करायलाच हवं.

आणि आता तो अडखळत होता. म्हणजे असं, की पडद्यावर चालणारा माणूस एकदम थबकायचा, मग दोन पावलं उडी मारून पुढं जायचा. पडद्यावरची हालचाल खरी नसते, ती भराभर बदलणाऱ्या चित्रांची असते. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं दाखवतात. आमच्या संगणकाचा पडदा ६० दाखवू शकतो. तेवढी चित्रं वेळेवर काढून झाली नाहीत, की खेळ अडखळतो. खेळ चालू असताना एफ ३ हे बटण दाबलं, की सेकंदाला किती चित्रं निघताहेत तो आकडा कोपऱ्यात दिसतो. हे तिनंच मला दाखवलं.

मी मात्र वडिलांना शोभेल असं पहिलं अनुमान काढलं. "गेम खेळून खेळून बिघडवलास संगणक!"

तो बाजारातल्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसानं तो जेमतेम दोन मिनिटं चालवून पाहिला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल." मी होकार देऊन मोकळा झालो. मागं वळून पाहतो तो पोरीच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, माझा नळदुर्ग जाईल ना." खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. संगणक घरी आणला. किल्ल्याचा फोल्डर तिनं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. पेन ड्राइव्ह उशाखाली ठेवून झोपली. मग ५०० रुपये देऊन फॉरमॅट झाला. घरी आणून किल्ला पुन्हा आत ठेवला. दहा-बारा मिनिटं छान चालला आणि पुन्हा अडखळला!

आता दुकानदार म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड बसवा. बारा हजार लागतील." बारा हजार म्हणजे आमच्या घरात गंमत नव्हे. सोयाबीनच्या पैशांतून गावाकडच्या विहिरीची मोटार बदलायची होती.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

तिनं गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला एफ ३ चा आकडा. सकाळी सहाला सुरू केला तेव्हा ६०. अर्ध्या तासानंही ५५ च्या वर. दुपारी तीनला सुरुवातीला ६०, दहा मिनिटांनी ४१, पंधरा मिनिटांनी १८. बंद करून तासाभरानं पुन्हा लावला, की परत ६०! किल्ला तोच, खेळ तोच, संगणकही तोच.

मी म्हणालो, "व्होल्टेज! दुपारी व्होल्टेज कमी होतं. आपला पंखा नाही का मंद फिरत?" माझं मलाच कौतुक वाटलं. पण तिनं तेही खोडून काढलं. पंखा थेट येणाऱ्या विजेवर फिरतो, म्हणून मंदावतो. संगणकातली वीजपेटी बाहेरचा दाब थोडा कमीजास्त झाला, तरी आत १२, ५ अशा ठरलेल्या व्होल्टलाच वीज देते. दाब फारच पडला तर संगणक बंद पडेल, पण पंख्यासारखा हळू चालणार नाही. मी गप्प बसलो.

कोडं सोडवलं ते आमच्या आईनं. ती गावाकडून चार दिवसांसाठी आली होती. टेबलाजवळून जाताना तिनं सहज पेटीवर हात ठेवला आणि मागं घेतला. "अरे, लेकराला कशाला बोलायलास? ह्या पेटीचं अंग बघ की कसं तापलंय! आपली मोटार बी अशीच तापून बंद पडती."

पेटीवर क्रोशानं विणलेलं सुंदर आच्छादन होतं. धूळ जाऊ नये म्हणून मीच घातलेलं, आणि विणलेलं आईनंच! पेटीची वरची सगळी भोकं त्याखाली झाकली गेली होती. शिवाय पेटी टेबलाच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी बंद.

तापमान दाखवणारा एक छोटा फुकट प्रोग्रॅम कन्येनं लावला. खेळ सुरू केल्यावर आकडा चढत चढत ९८ अंशांवर गेला. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग तीन गिगाहर्ट्झच्या वरून एकच्या आसपास उतरला. भर उन्हात औत ओढणारी बैलं कशी आपसूक पाय ओढत चालतात, तसंच हे. फार तापला, की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. आमच्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चित्रं काढण्याचं कामही त्याच चकतीत होतं, म्हणून सगळंच एकदम ढेपाळायचं.

(जाता जाता: या अख्ख्या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चौकोनी चकती.)

रविवारी पेटी उघडली. प्लग काढला, थोडा वेळ थांबलो, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. तुम्हांला हे करायचं झालं तर घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. आणि वीजपेटीचं झाकण कोणीही उघडायचं नाही, प्लग काढलेला असला तरी तिच्यात वीज साठून राहते. आत पाहतो तो काय! प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पातळ पात्या असतात, उष्णता बाहेर टाकायला. त्या पात्यांवर काळ्या मातीच्या धुळीची घोंगडी अंथरलेली. पंखा बिचारा फिरत होता, पण वारा पात्यांपर्यंत पोचतच नव्हता. पंख्याचं पातं बोटानं धरून चित्रकलेच्या ब्रशनं सगळं झाडलं.

प्रोसेसर आणि त्या पात्यांचा ठोकळा यांच्यामध्ये एक मलम लावलेलं असतं. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात आणि फटीतली हवा उष्णता नीट पुढं जाऊ देत नाही. मलम त्या फटी भरतं. आमचं वाळून खडूसारखं झालं होतं. ते कापसानं पुसलं आणि नवं, तुरीच्या दाण्याएवढं लावलं. नळी दोनशेच्या आत मिळाली.

पेटी कप्प्यातून बाहेर, टेबलावर आली. आच्छादन मिक्सरवर गेलं. दुपारी तीनला एफ ३ दाबलं, तर ६०, पंधरा मिनिटांनी ५८, अर्ध्या तासानं ५७. तापमान ७४. तिनं तक्त्यात शेवटची ओळ लिहिली आणि वही माझ्यासमोर धरली. बोलली काही नाही. मीच "चुकलो" म्हणालो.

एक राहिलंच. बंधाऱ्याचं सगळं पाणी एकदम सोडलं, की खेळ अजूनही क्षणभर अडखळतो. वाहत्या पाण्याच्या प्रत्येक ठोकळ्याचा हिशोब संगणकाला करावा लागतो, ते साफसफाईनं कसं सुटणार? तिनं दूरवरचा देखावा दिसण्याची मर्यादा १६ वरून १० वर आणली, तेव्हा थोडा फरक पडला.

पावसाळ्यात आम्ही आईला घेऊन नळदुर्गला गेलो. पाणी कोसळत होतं. पाणी महालात उभी राहून पोरगी बराच वेळ खिडक्या मोजत राहिली, मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाबा, माझं सगळं चुकलंय." घरी आल्या आल्या तिनं अर्धा बंधारा पाडला. आता पुन्हा बांधकाम चालू आहे.