मंद आच

चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले की आजी पुढचे लाकूड मागे ओढते. आच मंदावते, दूध खाली बसते. हे शहाणपण विजेच्या शेगडीपाशी नाही. तिला पेटणे आणि विझणे, एवढेच ठाऊक.

रसायनशाळेत ही उणीव जिवावर बेतू शकते. ईथर सुमारे ३५ अंशांना उकळतो. वैशाखात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा ईथरला उकळण्यास शेगडीचीही गरज उरत नाही! त्याची जड वाफ मेजावरून सरपटत दूरच्या ज्योतीला भिडते आणि क्षणात भडका उडतो. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो. पण ज्योतीचे वावडे त्यालाही आहेच. म्हणून त्याचा चंबू काचतंतूंनी विणलेल्या विजेच्या शेगडीत बसवितात. ती अवाजवी तापली तर द्रव उसळून नळीत शिरतो आणि तासाभराची मेहनत वाया जाते.

पूर्वी विजेच्या वाटेत रोधक तार घालीत. शेगडीचा ताप कमी होई खरा, पण ती तारच तापे. म्हणजे वीज फुकट जाई.

पुढे चिमुकला डायोड आला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे हेलकावे घेते. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारे दार. परतीचा हेलकावा तो अडवितो आणि ३०० वॅटची शेगडी १५० वॅटची होते. विजेचा दाब निम्मा केला असता तर मात्र उष्णता चौथाईवर आली असती. हे गणित भल्याभल्यांना चकविते.

१९५७ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला. त्याचा धाकटा भाऊ ट्रायॅक. सेकंदातील १०० अर्ध्या हेलकाव्यांपैकी प्रत्येकात तो थोडा वेळ दार रोखून धरतो, मग उघडतो. दार एक तर पुरते बंद, नाहीतर पुरते उघडे. म्हणून तो स्वतः फारसा तापत नाही. किती वेळ रोखावे, हे एक गोल बटण ठरविते. अर्थात पेटीच्या आत २३० व्होल्ट दबा धरून असतात; ती उघडणे जाणत्याचेच काम.

असे बटण हाताशी आले की प्रयोगशाळेतील मामा विद्यार्थिनीला सांगतात, "ताई, घाई नको. जरासेच मागे फिरवा." उसळणारा चंबू शांत होतो आणि नळीच्या टोकाशी मोजता येतील असे थेंब, एकामागून एक, टपकू लागतात.