शकुंतलेच्या अंगणांत

गेल्या माघांत मुलाबाळांसह यवतमाळच्या जुन्या शकुंतला रेल्वेस्थानकावर दुपारच्या भोजनाचा बेत केला. कडूनिंबाखालीं पानें मांडलीं. दशम्या, ठेचा, दहीभात असा साधा थाट होता.

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही सुमारें ११३ किलोमीटरांची अरुंद लोहवाट किलिक निक्सन या इंग्रज पेढीनें वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठीं बांधविली. तो कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई. आणि १९२१ सालीं मँचेस्टरांतच घडलेलें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत येथें राबलें. पुढें डिझेल आलें. आतां तर गाडीच थांबली आहे.

"आजोबा, गाडी केव्हां येणार?" हातांतला घास तसाच धरून धाकट्या नातवानें विचारलें. सारे हसले, मला मात्र घास गिळवेना. लहानपणीं याच गाडीनें आईबरोबर मी आजोळीं दारव्ह्यास जात असें.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा ते कळंब हा मोठा लोहमार्ग सुरू झाला. तो यवतमाळास पोहोंचावा, ही सर्वांचीच इच्छा. परंतु मुद्रिका दिसली तेव्हांच दुष्यंतास शकुंतला आठवली. आपल्या मुलांनाहि ही शकुंतला आठवावी, म्हणून गृहस्थांनीं शिदोरी बांधून एकदां तरी त्यांना येथें आणावें.