चारीतला उजेड

आमच्या धाराशिव जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला दोन गोष्टी हमखास असतात, बाभळी आणि चारी. बाभळी आपोआप येतात. चारी कुणीतरी खणतं, कुणीतरी बुजवतं आणि बुजवलेली परत तिसरंच कुणीतरी उकरतं. कधी पाण्याच्या पाइपासाठी, कधी विजेसाठी, आणि अलीकडे बहुतेकदा काचेच्या तंतूसाठी.

नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघालं की हमरस्त्याच्या बाजूनं केबलच्या खुणेचे खुंट दिसत राहतात. मे महिन्यातल्या एका दुपारी अशाच एका खुंटाजवळ एक पोरगा मोठी छत्री रोवून बसला होता. जेसीबीनं केबल तोडली होती आणि जेसीबी निघून गेला होता. तो नेहमीच निघून गेलेला असतो. पोरानं केबलचं काळं आवरण सोललं. आत नळ्या, नळ्यांत तंतू. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. बारा तंतूंचे बारा रंग, ठरलेल्या क्रमानं. इकडचा निळा तिकडच्या निळ्यालाच जोडायचा, नाहीतर एका गावाचा फोन दुसऱ्याच गावात जायचा.

तंतूवरचा रंग त्यानं चिमट्यानं ओरबाडला, स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसली, क्लीव्हरवर ठेवून टोक कापलं. उडालेला तुकडा लगेच चिकटपट्टीवर टिपून घेतला, कारण तो बोटात शिरला की दिसत नाही आणि निघत नाही. काचेची जाडी १२५ मायक्रॉन, आणि त्यातही उजेड चालतो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्प्लाइसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, टोकं एकजीव झाली. पडद्यावर जोडातल्या गळतीचा आकडा आला, ०.०२ डीबी. पोरगा खूश झाला. मी पुढे वाकून एक सुटं टोक बघायला गेलो तर त्यानं हात आडवा घातला.

“काका, त्याच्या तोंडाकडं बघू नका. दिसत नाही, पण डोळ्याला लागतंय.”

दिसत नाही हे खरंच आहे. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड बघतो. या तंतूतला उजेड १५५० च्या आसपासचा. तांबड्याच्या पलीकडं, फार पलीकडं. म्हणजे तंतूला बाहेरून निळा-नारिंगी रंग दिलेला, आणि आत असे रंग चाललेले जे कुणा माणसानं कधी पाहिलेले नाहीत. मुंबई-हैदराबादसारख्या मोठ्या मार्गावर एका तंतूत १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात ८०-९० रंग एकाच वेळी धावू शकतात. प्रत्येकावर वेगळा निरोप, प्रत्येकाचा वेगळा लेझर. शेजारच्या दोन रंगांत अंतर किती? पन्नास गिगाहर्ट्झ, म्हणजे ०.४ नॅनोमीटर. आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत पोचेस्तोवर ही मिरवणूक विरून जाते. तिथं एकाच तंतूत गावाकडं येणारा १४९० चा आणि गावाकडून जाणारा १३१० चा, एवढे दोनच रंग उरतात. गरिबाघरी दोनच पाहुणे, पण ते वेळेवर येतात.

काच आमच्या मुलखाला नवी नाही. तेरच्या उत्खननात काचेचे मणी सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्द्यानं या गावाला तगर म्हटलं आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद केली. इथलं कापड भडोचच्या बंदरात जायचं. आज तेरहून निघालेला एखाद्याचा ‘नमस्कार’ मुंबईत दोन-अडीच मिलिसेकंदांत पोचतो. काचेत उजेडाचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटर, निर्वातापेक्षा एक तृतीयांशानं कमी. आता तर हा तंतू मराठवाड्यातच, संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत ओढला जातो. पण त्या तंतूत सोडायचा लेझर आपल्याकडे बनत नाही. धाराशिवात तर तो बनण्याची शक्यताही नाही, कुणी कितीही भूमिपूजनं केली तरी.

या लेझरची जन्मकथा मला आवडते, कारण तिच्यात उन्हाळा आहे. १९६२ साली अमेरिकेत पहिले अर्धसंवाहक लेझर पेटले, तेव्हा त्यांना द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात ठेवावं लागत होतं. साध्या खोलीच्या तापमानात ते सतत जळू लागले १९७० मध्ये. आधी लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह यांच्याकडे आणि पाठोपाठ बेल लॅबमध्ये इझुओ हायाशी आणि मॉर्टन पॅनिश यांच्याकडे. त्याच वर्षी कॉर्निंगनं पहिला कमी गळतीचा काचतंतू ओढला. उजेडाला वाट आणि वाटेला उजेड, दोन्ही एकाच वर्षी मिळालं. वर्षभर आधी, १९६९ मध्ये, बेलच्याच स्टुअर्ट मिलर यांनी लेख लिहून सुचवलं होतं की लेझर, आरसे, वाटा हे सगळं टेबलावर मांडून ठेवण्याऐवजी एकाच चकतीवर का कोरू नये? आज ज्याला फोटोनिक चिप म्हणतात तिचं हे पहिलं सांगणं. सांगणं सोपं होतं. सिलिकॉनला उजेड वाहून नेता येतो, पण देता येत नाही, ही पहिली अडचण. सिलिकॉनमध्ये अर्ध्या मायक्रॉन रुंदीची वाट कोरता येते, ती पाच मायक्रॉनच्या वळणात वळवताही येते. पण दिवा लावायला इंडियम फॉस्फाइड लागतं. कुणी ते सिलिकॉनवर चिकटवतं. २००६ मध्ये इंटेल आणि सांता बार्बराच्या विद्यापीठानं मिळून असा संकरित लेझर दाखवला. कुणी सगळी चिपच इंडियम फॉस्फाइडची करतं. इन्फिनेरानं २००४ मध्ये दहा रंगांची, मिळून १०० गिगाबिटांची चिप बाजारात आणली. ती कंपनी २०२५ मध्ये नोकियानं घेतली. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत सिलिकॉन फोटोनिक्सचं केंद्र आहे. एवढं पुरे, कंपन्यांची वंशावळ सांगत बसलो तर वाचक पान उलटेल.

मला रमायचंय ते रंगापाशी. लेझरचा रंग ठरतो तो त्याच्या आत कोरलेल्या बारीक रेघांनी. दोन रेघांमधलं अंतर सुमारे २४० नॅनोमीटर. त्या अंतराला जुळेल तोच उजेड परत फिरतो, वाढतो, बाहेर पडतो. बाकीचे आतच विझतात. रेघा एकदा कोरल्या की हलत नाहीत, म्हणून पहिल्या पिढीतल्या प्रत्येक लेझरला एकच रंग. पेटीची पट्टी दाबली की तिचाच सूर निघतो, तसं. रंग ऐंशी, तर कार्डंही ऐंशी तऱ्हांची, आणि प्रत्येकाचं एकेक जादा कार्ड गोदामात. हवा तो रंग देणारा फिरता लेझर त्याऐवजी तुळजापूरच्या गोंधळ्याच्या हातातल्या तुणतुण्याचा मार्ग धरतो. तार एकच, सूर हवा तसा लावून घ्यायचा. फरक इतकाच की इथं पिळायला खुंटी नसते. उजेडाला आत किती अडखळायला होतं, म्हणजे त्या पदार्थाचा अपवर्तनांक, तोच बदलायचा. त्याला दोन उपाय. वीज सोडली की अपवर्तनांक घटतो, आणि हे नॅनोसेकंदांत होतं. ऊब दिली की तो वाढतो, सावकाश.

पण असं पिळून रंग फार तर काही नॅनोमीटर सरकतो. पूर्ण ३५-४० नॅनोमीटरचा पट्टा गाठायचा कसा? सांता बार्बराच्या लॅरी कोल्ड्रेन यांनी काढलेली युक्ती दहावीच्या पोरालाही कळेल, त्यानं प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हातात घेतलेला असेल तर. लेझरच्या पुढं एक आरसा, मागं एक. दोन्ही आरसे ठरावीक अंतरानं अनेक रंग परतवतात, पण दोघांचं अंतर किंचित वेगळं. त्यामुळं सगळ्या पट्ट्यात एकाच ठिकाणी दोघांचं एकमत होतं, आणि लेझर तिथं पेटतो. एक आरसा तसूभर सरकवला की एकमत दूरच्या रंगावर उडी घेतं. तसूभर हालचालीतून हातभर अंतर. मला हे लबाडीइतकं सुंदर वाटतं.

आता उन्हाळ्याकडे येतो. हा लेझर एक अंश तापला की त्याचा रंग साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो. शेजारचा रंग ०.४ वर आहे. म्हणजे चार अंश. चार अंश ऊब वाढली की एकाचा निरोप दुसऱ्याच्या घरात शिरला. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी आठला अंगणात पाणी मारून आत जावं आणि चहा घेऊन परत बाहेर यावं, तेवढ्यात पारा चार अंश चढलेला असतो. दुपारी चाळिशी. म्हणून लेझरच्या त्या बोटभर डबीत, जिला दोन्ही बाजूंच्या सात-सात पायांमुळे बटरफ्लाय पॅकेज म्हणतात, लेझरच्या बुडाशी पेल्टिए कूलरची चकती बसवलेली असते. अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतकीसुद्धा ऊब हलली तर ती चकती वीज उलटसुलट करून लेझरला मूळ ठिकाणी आणते. बाहेर उमरग्याच्या टॉवरवर पत्रा भाजतोय आणि आत ही डबी आपले पंचवीस अंश धरून बसलीय.

म्हणजे साठ वर्षांची सगळी कारागिरी एका गोष्टीसाठी चाललीय. बाहेरचं जग उजेडाला कळू नये. ऊन कळू नये, धक्का कळू नये, वारा कळू नये. उजेडाचा स्वभाव मात्र उलटा. त्याला सगळं कळतं.

छत्रीखालच्या पोरानं शेवटी ओटीडीआर लावला. हे यंत्र तंतूत उजेडाची चिमूट सोडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या प्रत्येक मीटरमधून उजेडाचा अगदी बारीक अंश मागं फिरतो. तो किती वेळानं आला यावरून कुठं जोड आहे, कुठं कट आहे, ते मीटरमध्ये समजतं. पोराला एवढंच हवं होतं. पण लेझर पुरेसा स्थिर आणि एकरंगी असला, तर परत येणाऱ्या त्याच उजेडावरून तंतूचा तो दहा मीटरचा तुकडा काही नॅनोमीटरनं ताणला गेला का, हेही वाचता येतं. ट्रक गेला तरी तंतू ताणतो. माणूस चालला तरी. भूकंप झाला तर अर्थातच. आइसलंडमध्ये संशोधकांनी टेलिफोनच्या १५ किलोमीटर केबलवरून भूकंपलहरी आणि जमिनीखालच्या भेगा टिपल्या. ते निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या ज्युसेप्पे मारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्रतळाची केबलसुद्धा भूकंप ओळखू शकते. नवी केबल टाकावी लागत नाही; तिच्यातला एखादा रिकामा तंतू, ज्याला हे लोक डार्क फायबर म्हणतात, आणि टोकाला एक चांगला लेझर एवढं पुरतं.

हे वाचलं तेव्हा मला सास्तूर आठवलं. आताच्या लोहारा तालुक्यातलं हे गाव. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. शास्त्रज्ञांना हा पठाराचा भाग स्थिर वाटत होता. त्यांच्या नकाशावर इथं काही नव्हतं. आणि तरी वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीच्या आसपास लहान धक्क्यांची रांग लागली होती. भांडी वाजत, लोक बाहेर येत, मग सवय झाली. माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा त्याच्याशी संबंध होता की नाही, यावर नंतर तज्ज्ञांत बराच वाद झाला. वाद घालायलाही नोंदी लागतात, आणि त्या काळी अगदी जवळच्या नोंदी फार थोड्या होत्या.

तंतूनं भूकंपाचं भाकीत होतं असं कुणी समजू नये. तसं कुठंच होत नाही. पण जमीन कुठं किती कुरकुरते, याची मीटरामीटराची वही मात्र ठेवता येते. आजवर याला खर्च आडवा येत होता, कारण असं शुद्ध लेझर असलेलं यंत्र मोठं आणि महाग. हेच यंत्र नखाएवढ्या फोटोनिक चिपवर आणण्याचं काम आता जगभर चालू आहे, आणि फिरता लेझर हा त्याचा कणा. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं कऱ्हाडला प्रयोगशाळा उभी केली आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर पाडलं. आपल्याकडे विवर नको, चारी आधीच खणलेली आहे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढं भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेनं गावोगाव तंतू पोचवलेत. त्या केबलींत कितीतरी तंतू नुसते पडून असतात.

म्हणून विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरातल्या मंडळींना, आणि या केबली सांभाळणाऱ्या साहेबांना, माझं एकच मागणं आहे. लोहारा ते किल्लारी या पट्ट्यातला एक रिकामा तंतू, आकाशी नाहीतर गुलाबी, वर्षभर भूकंपशास्त्रज्ञांच्या हवाली करा. यंत्र भाड्यानं आणा, चार विद्यार्थी त्यावर बसवा. खणायचं काहीच नाही. जेसीबीवाल्यांना तेवढं सांगून ठेवा.